मान्यवरांनी किल्लीसह स्टेजवर यावे

गाडी चालवायला मला माझ्या भाचीने शिकवलं, तेही मी देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर. विजेची गाडी घे हा हट्टही तिचाच. कॉलेजची सगळी वर्षं ती माझ्याकडे राहिली होती. मी एकटा माणूस. त्यामुळे घरात काय शिजवायचं, पडदे कोणते लावायचे आणि मामाने कुठली गाडी घ्यायची, हे ठरवायचा हक्क तिने पहिल्याच आठवड्यात स्वतःकडे घेतला होता. गाडी चांगली निघाली हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

तिचं लग्न लोणावळ्याला ठरलं. मे महिना, रविवार, भर दुपारचा मुहूर्त. नवरीला बोहल्यापर्यंत मामाने न्यायचं असतं, आणि सख्खा मामा मी एकटाच. एक चुलत मामाही होता. त्याने फेटा बांधून घ्यायची तालीमसुद्धा केली होती, आणि 'तुला काही अडचण आलीच तर मी आहे' असं मला भेटेल तिथे सांगत होता. ती अडचण यावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला असावा, असा माझा अजूनही संशय आहे.

आदल्या दिवशी पाहुण्यांची ने-आण करून गाडीची बॅटरी जवळजवळ रिकामी झाली होती. हॉलवर मला झोप लागत नाही म्हणून मी घरी आलो, गाडी चार्जिंगला लावली, आणि आमच्या भागातली लाईट गेली. ती परत आली तेव्हा माझी आंघोळ, दाढी आणि संयम हे सगळं संपलं होतं. तरी मी घाबरलो नाही. कान्ह्याच्या पुढे जुन्या हायवेवर एका हॉटेलच्या आवारात दोन चार्जर आहेत. तिथे चहा होईपर्यंत लोणावळा गाठण्यापुरती वीज मिळते.

त्या हॉटेलला लागून एक लग्नाचं लॉन आहे, हे मी विसरलो होतो. पंचांग सगळ्या महाराष्ट्राचं एकच, त्यामुळे आमचा मुहूर्त तोच त्यांचाही मुहूर्त. लॉनचं पार्किंग म्हणजे उन्हात तापलेलं ढेकळांचं रान. चार्जरच्या दोन्ही जागांवर मात्र पत्र्याची शेड आणि खाली फरशी. त्या गार सावलीत दोन पांढऱ्या विजेच्या गाड्या शांत उभ्या होत्या. एकीला तर चार्जरची गनही लावलेली होती. मी जवळ जाऊन पाहिलं तर चार्जिंग सुरूच केलेलं नव्हतं. नळाखाली हंडा ठेवायचा, नळ बंद ठेवायचा आणि बाजाराला निघून जायचं, असला प्रकार.

हॉटेलच्या वॉचमनला मी जाब विचारला. तो बिचारा आधीच वैतागलेला होता. गाडीवाल्यांना त्याने हटकलं होतं, तर त्यांनी त्यालाच बोर्ड वाचायला लावला. बोर्डावर लिहिलं होतं, 'फक्त इलेक्ट्रिक वाहनांसाठी'. आमची इलेक्ट्रिकच आहे, असं म्हणून ते अक्षता टाकायला गेले. पेट्रोलच्या गाडीवाल्याने असं केलं असतं तर मला राग आला असता. पण ज्याला बॅटरी उतरण्याची धास्ती माहीत आहे त्यानेच असं करावं, याने माझं डोकं फिरलं.

माझ्या गाडीत फार तर कामशेत ओलांडण्याएवढा जीव होता. दुपारची लोकल नव्हती, जीपगाड्या वऱ्हाडाने भरून चालल्या होत्या आणि लोणावळ्याहून कुणी न्यायला यायचं तर पर्यटकांनी रस्ता तुंबवलेला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी म्हणालो, आलोच. ती म्हणाली, गुरुजी घाई करतायत, आणि तो बघ फेटा बांधून दारात उभा आहे. तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

मी सरळ लॉनमध्ये घुसलो. स्टेजवर माईकवाला एकेका मान्यवराचं नाव घेऊन टॉवेल-टोपी आणि नारळ देत होता. आमच्या मावळात लग्नाला मुहूर्त असतो तो पत्रिकेपुरता. खरी वेळ सत्कार संपतील ती. मी त्याच्या कानाशी लागून दोन्ही गाड्यांचे नंबर सांगितले. त्याने ते खणखणीत आवाजात पुकारले, दोनदा. कुणी मानसुद्धा वळवली नाही. मग त्याने माईकवर हात ठेवला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"सकाळधरनं नंबरच सांगतोय, भाऊ. कुनी ऐकत न्हाई. सत्कार म्हनलं की समदे ऐकत्यात. थांबा जरा."

आणि त्याने जाहीर केलं की प्रदूषणमुक्त मावळासाठी झटणाऱ्या, विजेची चारचाकी घेणाऱ्या पर्यावरणप्रेमी मान्यवरांचा वधूपित्याच्या वतीने सत्कार होणार आहे, तरी मान्यवरांनी गाडीच्या किल्लीसह स्टेजवर यावे.

दोघांच्या जागी चौघे आले. एकाने विजेची स्कूटर नुकतीच बुक केली होती. एकाचा पुतण्या म्हणे अशा गाड्यांच्या कारखान्यात होता. माईकवाल्याने भेदभाव केला नाही, चौघांनाही टोप्या घातल्या, फोटो काढले. मग त्याच सुरात तो म्हणाला, की आता या मान्यवरांच्या शुभहस्ते चार्जिंगची जागा मोकळी करण्याचा कार्यक्रम होईल. मंडप हसला. वाजंत्रीवाल्यांनी ताशावर काडी मारली. हातात नारळ असलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला मालक लाल तोंडाने गाडी काढून उन्हात गेला. मी माझी गाडी आत घेतली, गन लावली आणि पडद्यावरचा आकडा पाहिला. तेव्हा माझा धीर खरोखर सुटला. शोधाशोधीत आणि सत्कारात इतका वेळ गेला होता की आता वीज भरेपर्यंत तिकडे अक्षता पडल्या असत्या. मी बोनेटला टेकून उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि ते चुलत मामावरच्या रागाचं नव्हतं. पोरगी माझ्याशिवाय बोहल्यावर चालत जाणार होती.

दुसरा मालक, साठीचा, धोतरातला, डोक्यावर सत्काराची कोरी टोपी, शेजारची गाडी काढायला आला होता. त्याने माझं तोंड पाहून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्याने आपल्या गाडीचं दार उघडून धरलं.

"आदी मामा म्हनून सांगायचं की. बसा माज्या गाडीत. घरनं भरून आनलीया."

मी म्हणालो, अहो, तुमचं इथलं लग्न?

"माज्यावाचून हितल्या अक्षता थांबायच्या न्हाईत. तुमच्यावाचून तितल्या थांबल्या पायजेत."

माझी गाडी तशीच शेडखाली ठेवून मी त्याच्या गाडीत बसलो. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती, चार्जिंग पूर्ण होऊन. त्या जागेवर आणखी कोण कोण येऊन मला शिव्या घालून गेलं, ते मी वॉचमनला विचारलं नाही.

म्हाताऱ्याने हायवे सोडला आणि गावागावातून, गोठ्यांच्या कडेने गाडी काढली. वाटेत तो एकदाच बोलला. त्याला तीन भाच्या, आणि तिघींना त्यानेच नेलं होतं. मी त्याला जेवूनच जा म्हणून बजावलं, पण हॉलच्या दारात मला सोडून तो लगेच फिरला. तिकडे त्याची बायको एकटीच पंगतीत बसली असती.

आत मंगलाष्टकांचा माईक लागलेला होता, पण स्टेजवर नवरी नव्हती. चुलत मामा नवरीच्या खोलीच्या दारात घामाघूम उभा होता. बहीण माझ्यावर धावूनच आली. म्हणाली, नेसवून झालं की शालू सुटतोय, पुन्हा नेसवला की पुन्हा सुटतोय, ती नेसवणारी बाई आता रडायची बाकी आहे. मी दार ढकलून आत गेलो.

खिडकीजवळ भाची उभी होती, एका हाताने पदर धरून. मला पाहिल्यावर तिने श्वास सोडला आणि मूठ उघडली. मुठीत एक सेफ्टी पिन होती.

"ही खांद्याला लाव," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्या मी खिडकीतून टाकून दिल्या."