तेलाच्या कारणावरून हरकत

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी चर्चमध्ये जाऊन हरकत घेतली. कारण दिलं, जगात तेलाला भविष्य नाही.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार मिस्साच्या वेळी फादर वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची काही हरकत असेल तर येऊन सांगा म्हणतात. हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, असलं काहीतरी. आमच्या गावात कोणी कधी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मुहूर्त मी केला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, कच्च्या तेलाचे भाव कोसळले होते, आणि मी, बँकेतला साधा कारकून, जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी पेपरची बाजारभावाची पानं वाचायला लागलो होतो. तुळिंजच्या एका सोसायटीने गणपतीत माझं भाषणही ठेवलं, 'तेलानंतरचं जग'. हॉल गच्च. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर बक्षिसांची हाउजी होती आणि लोक जागा धरून बसले होते, हे मला मागाहून कळलं. तोवर मी वक्ता झालो होतो. बहिणीच्या लग्नात जेवणाआधी ग्लास उंचावून टोस्टचं भाषण करायचं, ते मीच करणार, हेही मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिचा होणारा नवरा आखातात तेलाच्या कंपनीत फिटर. तेव्हा आखातातला जावई मिळणं म्हणजे घरात टेपरेकॉर्डर, अत्तराचा वास आणि आईच्या चालण्यात थोडा तोरा. मला मात्र पुढचं दिसत होतं. आजोबांच्या वाडीत पानवेलींचे मांडव होते. वसईचं पान रेल्वेने पार उत्तरेकडे जायचं. बाजार गेला, मांडव उतरले. एकाच मालावर जगणाऱ्याचं काय होतं, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. उद्या मोटारी विजेवर धावतील, नुसतं तेल विकून श्रीमंत झालेले देश हातावर हात ठेवून बसतील, आणि जावईबापू बॅग घेऊन आमच्या ओटीवर.

हे मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "जेव आता."

म्हणून फादरांकडे गेलो.

"मुलाचं आधी लग्न झालंय?" त्यांनी दार लोटून घेत विचारलं.

"नाही, फादर."

"नात्यातला आहे?"

"नाही."

"मग काय?"

"तेल, फादर."

फादरांनी चष्मा काढला. मी आखातापासून विजेच्या मोटारीपर्यंत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चर्चच्या नियमात तेल बसत नाही रे बाबा. घरी जा. आणि बाहेर बोलू नकोस."

मी नाही बोललो. पण व्हरांड्यात वेदीसाठी फुलं निवडणाऱ्या दोघींनी 'हरकत' एवढा शब्द ऐकला होता. संध्याकाळपर्यंत तो मुलाच्या गावात पोचला. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्याने त्याने आपापलं घातलं. मुलाची तिकडे दुसरी बायको आहे. मुलाला आजार आहे. छे, मुलीतच काहीतरी आहे. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. तिला हा मुलगा मनापासून हवा होता, आणि लग्न मोडलंच असतं तर जगातलं तेल संपल्यामुळे नव्हे, माझ्या तोंडामुळे. त्या दोन दिवसांत मी पेपर उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. चहा घेतला, पण प्यायला नाही.

"दादा, खरं काय ते तोंडावर सांगा. आई जेवत नाहीये घरी."

मी सांगितलं. भावांची घसरण सांगितली, पानवेली सांगितल्या. त्याने चहा बशीत ओतला.

"एवढंच?"

"एवढंच काय? अख्ख्या जगाचा..."

"तेलच ना? नक्की? दुसरं काही नाही?"

"दुसरं काय असणार?"

तो असा हसला की बशीतला चहा पँटवर. दाराआडून बहिणीचंही हसू फुटलं, आणि ते ऐकून मी दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"आजोबांचा पानाचा बाजार बसला," तो पँट पुसत म्हणाला, "तेव्हा आजीने त्यांना सोडलं का?"

"नाही."

"काय केलं त्यांनी?"

"केळी लावली."

"मग मीही लावीन. वाडी आहे माझी. तिकडे आम्ही तरी काय बोलतो, हेच, किती दिवस चालेल म्हणून. हिला पहिल्याच भेटीत सांगितलंय, मी काही जन्मभर तिकडे राहायचा नाही."

म्हणजे तेलाचं भविष्य आमच्या घरात सगळ्यांत आधी बहिणीला कळलं होतं, तेही फुकट.

त्याच्याच स्कूटरवर मागे बसून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तेल? अरे पोरा, मला वाटलं माझ्या लेकाने काय केलं!" मग रडली, हसली, आणि मला बसवून जेवायला वाढलं. स्वतःही जेवली. बोंबलाचं कालवण होतं. इतक्या हलक्या मनाने मी आयुष्यात कधी जेवलो नसेन.

तिसऱ्या रविवारी फादरांनी नावं वाचली. 'कोणाची हरकत असल्यास' पाशी ते थांबले. अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं.

पुढे काही वर्षांत तेलाचे भाव असे चढले की माझीच स्कूटर घरी उभी राहिली. पण तेव्हा ते कुठे ठाऊक होतं? त्या रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरताना मी बहिणीला म्हणालो, "मुद्दा माझा बरोबरच होता हं. टोस्टमध्ये दोन वाक्यांत नीट समजावून सांगतो."

ती थांबली. "टोस्ट मामा करतील," ती म्हणाली. "तू नुसता ग्लास उचल."