बाबांच्या मॉरिसचं जुनं इंजिन

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन उल्हासनगर कॅम्प पाचला गेलो होतो. बाबांनी विकलेली मॉरिस मायनर तिथल्या एका गॅरेजमध्ये विकायला आलीय, असं कळलं होतं. नंबर तोच. भाव सहा लाख.

"साईं, इंजिन नया डाला है, जपानी. आवाजच येत नाही बघा," म्हणत गॅरेजवाल्या सिंधी शेठने चावी फिरवली. खरंच आला नाही. जुनं इंजिन भिंतीशी पडलं होतं.

पूर्वी बेलवलीच्या घरी गाडीची घरघर कोपऱ्यावर ऐकू आली, की आई चहाचं आधण ठेवायची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. अजूनही एखाद्या संध्याकाळी ती "थांबा जरा" म्हणते आणि कान देऊन बसते. आम्ही मुकाट टीव्ही बंद करतो.

चक्कर मारून आल्यावर तिला विचारलं, "घेऊया ना गं?"

"नको रे. ही अशी गुपचूप आली, तर ते आले हे मला कळणार कसं?"

गाडी नाही घेतली. जुनं इंजिन भंगाराच्या भावात उचलून आणलंय. जिन्याखाली ठेवलंय. आई दोनदा खाली जाऊन बघून आली.

ओळखीत कुणी जुना मेकॅनिक असेल तर कळवा. आणि खरं सांगा, ते चालू करावं का?