हात मांडीखाली

आमच्या आळीच्या मंडळाचा उत्सव जवळ आला की कुणीतरी कार्यकर्ता घरी येतो आणि म्हणतो, "अण्णा, यंदा तुमच्या नातीचा अनुभव सांगाच. लोकांची श्रद्धा वाढते." मी दरवर्षी काहीतरी कारण काढतो. एकदा घसा बसला म्हणालो, एकदा रंगकाम राहिलंय म्हणालो. लोकांना वाटतं, म्हातारा विनयशील आहे, देवाची कृपा चव्हाट्यावर मांडत नाही. तसं काही नाही. आळीत जी गोष्ट फिरते आहे ती अर्धीच खरी आहे, आणि खोटा अर्धा भाग माझ्यामुळे खोटा आहे. यंदा मंडळाच्या उत्सव-अंकासाठी लिहून द्या म्हणाले. बोलताना मी नक्कीच काही गाळलं असतं. लिहिताना गाळणार नाही असं ठरवून बसलो आहे.

मी पेणचा मूर्तिकार. गणपतीचा कारखाना वडिलांपासून आहे. माझा मुलगा महेश डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, शिफ्टप्रमाणे येणं-जाणं. त्याची बायको वैशाली, माहेर रोह्याजवळचं. त्यांची मुलगी स्वरा. बाळंतपणात काहीतरी अडलं, पोर जन्मल्यावर लवकर रडली नाही. पुढे मान उशिरा धरली, आणि ज्या वयात आळीतली पोरं भिंत धरून चालत होती त्या वयात ही बसतही नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं होणारं हे काम नाही, लहान मुलांच्या हालचालींचं शिकलेला फिजिओथेरपिस्ट गाठा आणि नियमानं जा.

वैशालीनं चौकशी करून रोह्याच्या एका ताईंचं नाव काढलं. पेणमध्येही हेच काम करणारे एक गृहस्थ होते, घरापासून चालत जाण्यासारखे, त्यांच्याकडे यंत्रं होती. मला पहिल्याच क्षणी वाटलं, हिला माहेरची वाट हवी आहे. आणि ते मी मनात ठेवलं नाही. "उपचार रोह्याला की आईकडे जेवण रोह्याला?" असं तिच्या तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, "अण्णा, एकदा बघून तर येऊ. नाय पटलं तर नाय." तेव्हा महेशची शिफ्ट होती म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटीनं रोह्याला पोचलो. ताई तरुण होत्या. खोलीत एक जाड चटई, थोडी खेळणी, बाकी काही नाही. त्यांनी स्वराला चटईवर पालथं ठेवलं, जरा लांब एक खुळखुळा ठेवला आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसल्या. पोर कुरकुरली, नाक घासलं, एक हात पुढे सरकवला, पुन्हा डोकं टेकलं. ताई नुसत्या बघत होत्या. माझ्यानं राहवेना. "ताई, हात कधी लावणार?" त्या म्हणाल्या, "लावणार आजोबा. आधी ती स्वतः काय करते ते बघू द्या." मग मी घरी केलेल्या खुर्चीबद्दल सांगितलं. मी फळ्या ठोकून, आत उशा भरून स्वरासाठी बैठक केली होती, जुन्या साडीच्या पट्टीनं कमरेला बांधलं की ती ताठ दिसायची. आमच्या कामात ओली मूर्ती कलली की तिला टेकू देतात. माती सुकली की टेकू काढायचा, मूर्ती तशीच राहते. जन्मभर हेच केलं, पोरीलाही तेच केलं. मला वाटलं ताई कौतुक करतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "टेकू लावून बसवू नका. आधी तिला वळायला, कुशीवर यायला शिकू द्या. बसणं तिचं ती शोधेल, आपण तिला जमिनीवर वेळ द्यायचा."

मी चटईवरून पोर उचलली. "खेळायला आमच्याकडं घर हाय," असं म्हणालो आणि बाहेर आलो. परतीच्या एसटीत वैशालीनं खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रात्री महेश आला. जेवताना त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "घरीच खेळवा म्हणाल्या, यायची गरज नाय. वैशालीलापण पटलं." वैशालीच्या हातात भाताचं भांडं होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती भांडं घेऊन आत गेली. सासऱ्याला मुलासमोर खोटं पाडायचं नाही, एवढं तिला घरून शिकवून पाठवलं होतं. त्या वळणाचा मी फायदा घेतला.

मग पेणच्या गृहस्थांकडे सुरू केलं. त्यांना मी दोष देत नाही. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, "हिला बसवा, बाकी काय नको." गिऱ्हाईक येतं आणि मूर्ती सांगतं, बसलेली हवी की उभी हवी. मी तशी नात सांगितली, बसलेली. ते पाय ताणत, कंबर दाबून धरत. पोर किंचाळायची. वैशाली दाराबाहेर उभी राहून कान झाकून घ्यायची, आणि मी मनात म्हणायचो, रडते आहे म्हणजे काम होतंय. घरी आल्यावर खुर्ची. असं वर्षाहून जास्त चाललं. स्वराचे पाय काठीसारखे ताठ झाले, एकावर एक तिढा घालू लागले. पट्टी सोडली की ती पोत्यासारखी कलंडायची. मी आणखी एक उशी भरायचो.

एका दुपारी तिचं नाक वाहत होतं. पुसायला मी हात पुढे केला. तिनं डोळे घट्ट मिटले, अंग आखडलं आणि श्वास धरून राहिली. मी हात तिथंच थांबवला. तिला माणूस दिसला नव्हता, हात दिसला होता. या हातांनी किती गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली असेल. लोक दुरून यायचे, म्हणायचे, अण्णांच्या मूर्तीचे डोळे बघितले की भीती जाते. आणि माझ्या घरातली पोर माझ्या हाताला भिऊन डोळे मिटत होती.

त्यानंतर मला काम सुचेना. कुंचला उचलायचो आणि तसाच परत पाण्यात ठेवायचो. कारखान्यात आखणी न झालेल्या मूर्तींच्या रांगा उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, आणि एकालाही डोळे नव्हते. मी त्यांच्यात बसून राहायचो. प्रार्थना करत होतो असं लोक सांगतात. नव्हतो करत. मी मनात म्हणत होतो, एवढे देव केले, तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. आणि मग वाटायचं, कोण विचारणार, हे तर मातीचे आहेत, मीच मळले आहेत. तोवर मी कधी देव नाही असं म्हटलं नव्हतं. त्या दिवसांत रोज म्हणत होतो. तसाच उठायचो, अंघोळ करायचो, देव्हाऱ्यात फूल घालायचो. वैशाली घरात होती म्हणून घालायचो.

अशाच एका सकाळी खुर्चीची पट्टी फाटली. वैशाली दळण आणायला गेली होती. पोरीला कुठं ठेवावं कळेना, म्हणून कारखान्यात एक गोणपाट अंथरलं आणि तिला पालथं ठेवलं. ती रडली. मी पट्टी शिवायला सुई शोधत होतो. जरा वेळानं रडं थांबलं म्हणून वळून पाहिलं, तर ती मान उचलून शाडूच्या एका गोळ्याकडे बघत होती. मळून ठेवलेला ओला गोळा, गोणपाटाच्या पलीकडे. तिनं हात लांबवला, पोचला नाही. खांदा उचलला, कुशीवर आली, थरथरली, तिथंच अडकली. मी धावलो.

"थांबा वो बाबा, उचलू नका!"

दारात एक बाई उभी होती. खाडीकडच्या खारेपाटातली असावी, नेसण्यावरून आणि बोलण्यावरून. मूर्ती बघायला आली होती. मी म्हणालो, "पडंल ना ती."

"कुटं पडंल? जमिनीवरच हाय की. ती चाललीय, दिसत नाय का? तुमीच आडवं येताव."

मी थांबलो. आज वाटतं, आयुष्यात तेवढं एकच काम मी वेळेवर केलं. स्वरा कुशीवरून उताणी झाली, दमली, छताकडे बघत राहिली आणि पुन्हा वळली. या वेळी हात गोळ्यावर पडला. बोटं त्यात रुतली. तिनं मूठभर माती थेट तोंडात घातली आणि पांढऱ्या तोंडानं हसली. कित्येक महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती.

बाई म्हणाली, "माजी पोर अशीच व्हती. रोह्याला नेतो आमी, तिथं एक ताई हायेत. हात कमी लावतात, बघतात जास्त. पयले मलाबी राग आला व्हता." मग ओळीतल्या एका मूर्तीकडे बोट करून म्हणाली, "हिचं डोलं काडा, मालकाला घेऊन येते." आणि गेली. ती मूर्ती मी तिच्यासाठी राखून ठेवली. ती आली नाही. पेणमध्ये कारखान्यांना काय तोटा, दुसरीकडे मूर्ती मिळाली असेल. मी त्यावर वाद घालणार नाही. पण त्या मूर्तीची आखणी मी कुंचला खाली न ठेवता एका बैठकीत पुरी केली, एवढं मला ठाऊक आहे.

इथपर्यंतची गोष्ट आळीत सांगतात. अण्णांनी देवांच्या रांगेत बसून टाहो फोडला आणि बाप्पानं बाईच्या रूपानं येऊन वाट दाखवली. पुढचं कुणाला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी महेशला म्हणालो, "स्वराला रोह्याला न्या. बाप्पानं दाखवलंय." त्या बाईचं सगळं ऐकून महेश बायकोवर उसळला. "म्हणजे तेव्हाच जायला पायजे होतं! तू होतीस ना तिथं? तुला कसं नाय कळलं? पटलं म्हणालीस आणि घरी आलीस! आई ना तू तिची?" मी पाटावर बसलो होतो. बोटांना माती तशीच होती. एक वाक्य बोलायचं होतं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि स्वराला कडेवर घेऊन मागच्या पडवीत गेली. मी उठून हात धुतले.

रोह्याच्या ताईंनी आम्हाला ओळखलं. मागचा शब्द काढला नाही. चटई पसरली आणि म्हणाल्या, "या. आज आजोबांनाही खाली बसवू." मी बसलो. स्वरा वळायला धडपडू लागली की माझा हात आपोआप पुढे जायचा. दोनदा तसं झाल्यावर ताई म्हणाल्या, "आजोबा, हात मांडीखाली घ्या." मी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसलो. पोर घाम येईपर्यंत झटत होती, आणि माझे हात माझ्याच वजनाखाली बधिर होत होते. मी पोथ्यांत शरणागती वाचली होती, कीर्तनांत ऐकली होती. देवाला हाक मारणं म्हणजे शरण जाणं असं समजत होतो. त्या चटईवर कळलं की मी आयुष्यभर हाका मारत होतो आणि हात मात्र कधी मागे घेतला नव्हता.

बऱ्याच दिवसांनी स्वरा स्वतःची स्वतः बसली. त्या दिवशी मी देव्हाऱ्यातलं फूल कुणाला दाखवायला घातलं नाही. आता ती शाळेत जाते, वॉकर धरून. जिने चढत नाही. पाय अजून ताठ आहेत, दुखतात, रात्री वैशाली चोळते. मी एकदा ताईंना विचारलं, "ते वर्ष वाया गेलं नसतं तर ही मोकळी चालली असती का?" त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही आजोबा. कुणीच सांगू शकणार नाही." त्यांनी हो म्हटलं असतं तर मी शिक्षा समजून घेतली असती. नाही म्हटलं असतं तर झोपलो असतो. देवानं मला दोन्ही दिलं नाही. कृपा झाली हे खरं, पण ती माझ्यावर झाली असं मी म्हणणार नाही. ती त्या पोरीवर झाली, आणि मला जेमतेम वाटेतून बाजूला होता आलं.

हा अंक घरी येईल. महेश वाचेल, आळी वाचेल. वैशाली वाचेल की नाही, ठाऊक नाही. पण छापून आलेलं म्हणजे तिला सांगितलेलं नव्हे, एवढं मलाही कळतं. ती संध्याकाळी ओट्याशी उभी असते. मी स्वयंपाकघराच्या दारात जातो. वाक्य तयार असतं: वैशाली, त्या दिवशी तुला पटलं नव्हतं, मीच खोटं बोललो. घसा खाकरतो. ती वळून विचारते, "काय हवंय अण्णा?"

मी म्हणतो, "थोडा चहा टाक."

ती टाकते. तिला वाटत असेल, म्हाताऱ्याला चहा फार लागतो.