तलासरीतलं लडाख

आजी सरळ माझ्या चुन्याच्या फुलीवर येऊन बसली. मांडी घालून. आणि म्हणाली, "मोज आता. मला धरून मोज."

मी ट्रायपॉडला धरून उभी. चढावरून आणखी माणसं येताना दिसत होती, बायका पुढे, पुरुष मागे, आणि कोणाचाच चेहरा बरा दिसत नव्हता. आमचा मॉडेल म्हणजे आमचा ड्रायव्हर जिग्नेशभाई. तो मे महिन्याच्या उन्हात बर्फातलं जॅकेट घालून पाठमोरा उभा होता. त्याला वळायचीही हिंमत होत नव्हती.

"बेन," तो तसाच पाठमोरा म्हणाला, "हे बराबर नाही लागत."

आता हे घडलं कसं ते सांगते.

मी फोटोग्राफर. राहते मसोलीला, काम डहाणू रोडच्या आसपास. लग्नं, बारसी, चिकूच्या पेट्यांचे फोटो. स्वभावाने मी एक नंबरची घाबरट. बॅटऱ्या दोन, लेन्सची झाकणं दोन, छत्र्यासुद्धा दोन. त्यात मुंबईहून ऋचा नावाच्या मुलीचा फोन आला. ती एका जाहिरात एजन्सीत होती. ट्रेकिंगच्या जॅकेटांचा कॅटलॉग करायचा होता, कच्छच्या वाळवंटात. त्यातला एक फोटो हायवेच्या होर्डिंगवरही लागणार होता. मला आनंद झाला आणि तितकीच भीतीही वाटली. एवढं मोठं काम मी कधी केलं नव्हतं. हे नीट झालं तर पुढचे बारा महिने लग्नातल्या आत्यांना "जरा हसा" म्हणत फिरावं लागणार नव्हतं.

ठरलेला मॉडेल आदल्या दिवशी आजारी पडला. ऋचा म्हणाली, तिकडेच कोणीतरी शोधू. जिग्नेशभाई मूळचा वेवजीचा, माझ्या सगळ्या लग्नांना त्याचीच गाडी. ऋचा मुंबईहून आली आणि आम्ही तिघं निघालो. आणि तलासरीला हायवेवर अडकलो. पुढे कुठेतरी ट्रेलर आडवा झाला होता. गाड्या बंद, एसी बंद, लोक खाली उतरून झाडं शोधत होते. ऋचाला ऑफिसमधून फोनवर फोन येत होते.

जिग्नेशभाई म्हणाला, "आतून रस्ता आहे. डोंगराच्या बाजूने काढतो."

आतल्या रस्त्याने थोडं वर चढलो आणि ऋचा ओरडली, "थांबा, थांबा!"

समोर माळ होता. मे महिन्यात आमच्याकडचे माळ कसे होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. गवत जळून गेलेलं, लाल मुरूम उघडा, मध्येमध्ये काळे चौकोन, मागे बोडके डोंगर. पावसाळ्यात हेच सगळं हिरवंगार असतं. पण त्या दिवशी खाली बसून कॅमेऱ्यातून बघितलं आणि मीही चाट पडले. लडाख! साक्षात लडाख!

"आपल्याला कच्छला जायलाच नको," ऋचा म्हणाली. "आणि ते काळं काय आहे? काय टेक्स्चर आहे! व्होल्कॅनिक वाटतं."

ते काय होतं ते मला माहीत होतं. राब होता. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याची काळी जमीन. कोणाचं तरी वर्षाचं जेवण तिथे सुरू होणार होतं. पण फ्रेममध्ये झकास दिसत होतं, म्हणून मी गप्प बसले.

डाव्या हाताला उंचवट्याआड एक कुडाचं घर होतं. मी दोन पावलं उजवीकडे सरकले. घर गेलं. आमच्या धंद्यात याला फ्रेम क्लीन करणं म्हणतात. नको ते बाहेर ठेवायचं. वायर, कचऱ्याची पिशवी, लग्नात रुसून बसलेला काका.

मॉडेल कोण? जिग्नेशभाई. पाठमोरा असला की पोट दिसत नव्हतं. पण तो काही मॉडेल नव्हे. उभा करावा तिथे उभा राहील तर शपथ. मॉडेल जागेवरून हलला की फोकस जातो, फोटो धूसर येतो. स्टुडिओत आम्ही जमिनीवर टेपची खूण करतो. मुरुमावर टेप कुठली चिकटायला? डिकीत फक्कीची पिशवी होती, चुन्याची पांढरी पूड, क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती. मी मस्त तीन फुल्या मारल्या, त्यांच्यामध्ये सरळ रेघा ओढल्या, आणि जिग्नेशभाईला लांबून दिसावं म्हणून काठ्या रोवून त्यांना लाल रिबिनी बांधल्या.

ट्रायपॉड, चुना, काठ्या, लाल रिबिनी. आमच्या तालुक्यांत या चार वस्तू एकत्र दिसल्या की त्याचा अर्थ एकच. मोजणी. रस्त्यासाठी नाहीतर रुळांसाठी, कशासाठी तरी जमीन जाणार. मी डहाणूत जन्म काढला आणि मला हे सुचलं नाही! फोकसच्या काळजीत माझं डोकं चालायचं थांबलं होतं, दुसरं काय.

आणि आजी येऊन बसली.

तिचा मुलगा सुरेश मागून आला. वापीला कंपनीत जाणारा, रात्रपाळी करून झोपेतून उठलेला. तो आमच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. गाडी आता हलणार नव्हती.

"कोनत्या प्रकल्पाचे तुम्ही?"

"दादा, प्रकल्प नाही हो. मी मसोलीची. लग्नाचे फोटो काढते. हे जॅकेटचं..."

"लग्नाचे फोटो इथं? कोनाचं लगीन?"

सगळ्यांनी जिग्नेशभाईकडे पाहिलं. तो बिचारा जॅकेट काढायला बघत होता, पण चेन अडकली होती. घामाने त्याचा चेहरा भिजलेल्या टॉवेलसारखा झाला होता.

मी कसंबसं समजावत होते. तेवढ्यात ऋचाचा धीर सुटला. "अहो, तुमच्या जमिनीचं आम्हाला काय करायचंय? इथे काहीच नाहीये, म्हणून तर थांबलो!"

बोंबला. हे एकच वाक्य बोलायचं नव्हतं.

आजी हळूच म्हणाली, "काहीच नाय?" मग माझ्याकडे वळली. "बाय, दाखव मला काय काढलंस."

मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिने तो खालून हाताने धरला. ती स्क्रीनमध्ये बराच वेळ शोधत राहिली. मागचा फोटो, पुढचा फोटो.

"माझं घर कुठाय?"

"ते... बाजूला राहिलं, आजी."

"विहीर?"

"तीपण."

"मंग आम्ही कुठं ऱ्हातो?"

सुरेश म्हणाला, "मागं एकजन आला होता. असेच फोटो घेऊन. हा बघा माळ, रिकामा आहे, बोलला. त्यात आमचा पाडाच नव्हता. आम्ही समोर उभे आन् हा फोटोकडं बोट दाखवतो. तेव्हापासून आई झोपत नाय."

"सगळे पुसा," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

मी पुसले. एकेक करत सगळे. स्क्रीनवर अक्षरं आली, कार्डवर फोटो नाहीत. सुरेशने ती स्वतः वाचली, आईला सांगितलं, आणि बॉनेटपासून बाजूला झाला. आजी उठली नाही. ती बसल्या बसल्या पदराने फुली पुसायला लागली.

गाडीत बसलो. उतार लागला. आणि ऋचा कुजबुजली, "ताई, तुमच्या कॅमेऱ्यात दोन स्लॉट आहेत ना?"

आहेत. माझ्यासारख्या घाबरटाचा कॅमेरा तो. एक कार्ड बिघडलं तर दुसऱ्यावर असावेत म्हणून प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. पुसले होते एकावरचेच. हे मला पुसतानाही माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

"आहेत," मी म्हणाले.

"ओ, थँक गॉड!" ती एकदम हसली. लॅपटॉप उघडून कॅटलॉगची ओळ लिहायला लागली. लिहिता लिहिता वाचून दाखवली. "जिथे कुणीच राहत नाही, तिथे आम्ही तुमच्यासोबत. कशी वाटते?"

मघाशी माणसांनी घेरलं तेव्हा भीती वाटली होती, पण ही भीती वेगळी होती. हा फोटो हायवेवर मोठ्ठा लागणार, खाली ही ओळ असणार, आणि वापीला जाताना सुरेश तो बसमधून बघणार.

"जिग्नेशभाई, गाडी वळवा."

"वेडी झालात का?" ऋचा म्हणाली. "मी दुसऱ्या कोणाला तरी घेईन. खरंच सांगते."

"घे," मी म्हणाले. लपवायचं कारण नाही, ते काम मला हवं होतं.

आजी घराच्या दारात पोचली होती. मी दुसरं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं की यातही आहेत, मघाशी बोलले नाही. सुरेशने मला अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी ऐकून घेतल्या. हे कार्डही त्याच्यासमोर पुसलं.

आजीचं लक्ष जिग्नेशभाईकडे होतं. जॅकेट अजून अंगातच. "ह्याचं ते काढा आधी. मरंल तो." तिने स्वतः चेन खेचून तोडली आणि त्याला पाणी दिलं.

मी विचारलं, "आजी, एक फोटो काढू? घराचा?"

"घराचा नको. सगळ्याचा काढ."

मग मी मागे मागे गेले, जिथून सगळं मावेल तिथवर. घर, विहीर, राबाचे काळे तुकडे, मागचे डोंगर, पाड्यातली दारं. मध्ये आजी, बाजूला रागातच असलेला सुरेश. एका कोपऱ्यात घामाघूम जिग्नेशभाई आला, गाडीतून उतरून पाठ फिरवून उभी ऋचा आली. काही क्लीन केलं नाही.

ऋचा दुसरा फोटोग्राफर घेऊन कच्छला गेली. कॅटलॉग छान झाला असं ऐकते. मी अजून आत्यांना "जरा हसा" म्हणते. खुणेसाठी आता चिकूची पानं ठेवते, चुना वापरत नाही. आणि "इथे काही नाही" असं कोणी म्हणालं की आधी बघते, म्हणणारा उभा कुठे आहे.

भाताची रोपं वर आली तेव्हा मोठी प्रिंट लॅमिनेट करून घेऊन गेले. आजीने ती मांडीवर घेतली. घरावर बोट ठेवलं, विहिरीवर ठेवलं, मग स्वतःवर.

"तुझ्या त्या कार्डात हा अजून आहे?"

मी घाबरून म्हणाले, "आहे. पुसू का?"

"दोन्ही कार्डांत?"

"दोन्ही."

"मंग ऱ्हाऊ दे," आजी म्हणाली. "एक बिघडलं तर?"