उत्तरेच्या दारातलं ऊन

हे मी लिहावं की नाही, ते अजून ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्जाच्या पलीकडे आमच्याकडे कुणी काही लिहिलेलं नाही. शिवाय एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला पुरतं ओळखायला हवं, आणि मी तर मावशींच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा राळेगावकडचा पोरगा. तरी लिहितो आहे, कारण राग जात नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

यवतमाळात आमच्या गल्लीत त्यांना सगळे ऊनमावशी म्हणायचे. नावात चेष्टा होती. जून महिन्यात, चार महिने भाजून निघालेलं गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असायचं आणि ही एकटी बाई एका दिवसापुरतं स्वच्छ ऊन मागायची. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवसापुरतं. शेजारच्या नलूबाईंचं शेत घाटंजीकडे होतं. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "ओ मावशी, आमची पेरणी खोळंबली, अन् तुम्ही ऊन मागून राह्यल्या?" मावशी हातातला झाडू न थांबवता म्हणायच्या, "पावसाले सारा जिल्हा हाका मारते, नलू. सूर्याले माह्याशिवाय कोण आहे?"

मावशी कचेरीत टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. त्यांच्या घराचं दार उत्तरेला आहे. अशा घरात हिवाळाभर ऊन पाय ठेवत नाही. उन्हाळा चढत जातो तसा सूर्य उत्तरेकडे सरकतो, मग सकाळी उन्हाची एक तिरपी पट्टी दारातून आत येते आणि रोज थोडी थोडी खोल जाते. सगळ्यांत खोल जाते ती मोठ्या दिवशी. मावशींची आई शेवटची काही वर्षं खाटेवरून उठली नाही. ती पट्टी त्या एका दिवशी आईच्या पायांवर यायची. म्हातारी पाय हलवून म्हणायची, "आला वो बाई, मले भेटायले आला." आई गेली, खाट तिथेच राहिली आणि मावशींनी तो दिवस सणासारखा धरला.

सण त्यांचा त्यांनीच घडवलेला. पहाटे उंबरा धुवायचा, रांगोळी घालायची, दार सताड उघडायचं आणि उजाडायच्या आधी आम्हा भाडेकरूंना उठवायचं. मी आणि अंकुश, आम्ही दोघं त्या खोलीत राहायचो. सुट्टीतही तेवढ्या दिवसासाठी थांबायचो. अंकुश उठला नाही की त्याच्या तोंडावर गार पाण्याचा हबका बसायचा. "वर्षातून एकदा पाहुणा येते अन् तू पालथा पडून राह्यला? काहून, रात्री नांगर हाकला काय?" पट्टी खाटेच्या पायथ्याशी पोचली की तिथे हळदीकुंकू, मग शेवया आणि मोसमातल्या शेवटच्या आंब्यांचा रस. दारावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून वाढायच्या. पूर्ण अंधार पडेपर्यंत घरात दिवा लावू द्यायच्या नाहीत. मी एकदा पुस्तकासाठी बटणाकडे हात नेला तर म्हणाल्या, "ठेव ते. आज त्याचा दिवस आहे, तुह्या परीक्षेचा नाही."

एका वर्षी सकाळपासून आभाळ भरून आलं. गल्ली खूश. मावशी ताट झाकून दारात बसल्या त्या बसल्याच. नलूबाई म्हणाल्या, "जेवून घ्या, आता नाही येत तो." मावशी म्हणाल्या, "उद्या येईन तो. उद्याचा दिवस काही लय लहान नाही राह्यत." आणि खरंच दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावरच त्या जेवल्या. त्यांच्या हट्टात अशी सोय असायची.

संध्याकाळची बाजू शेजारच्या दुमजली घराने आधीच घेतली होती. उरली होती सकाळ. मग समोरचा रिकामा प्लॉट एका शिकवणी वर्गाच्या सरांनी घेतला आणि त्याच्या पूर्वेच्या कडेला लोखंडी सांगाडा उभारून त्यावर हा भलामोठा फ्लेक्स लावला. गुणवंतांचे चेहरे, मधोमध हात जोडलेले सर. त्या वर्षी मोठ्या दिवशी पट्टी आलीच नाही. आभाळ निरभ्र होतं, तरी नाही. मावशी तडक सरांकडे गेल्या. मी सोबत होतो. एका सकाळपुरता फ्लेक्स उतरवा, एवढंच मागणं होतं. सर हसून म्हणाले, "मावशी, उजेडच पाहिजे ना? दारावर एक फोकस लावून देतो." मावशी म्हणाल्या, "तुह्या कपाळावर लाव. तिथं अंधार आहे."

पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्याच प्लॉटवर सरांनी योग दिन ठेवला. सतरंज्या, माइक, पांढरे टीशर्ट. माइकवरून सूचना आली, पूर्वेकडे तोंड करून सूर्यनमस्कार. समोर फ्लेक्स, सूर्य फ्लेक्सच्या मागे. सगळे सरांच्या फोटोला वाकत होते आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. हे आठवलं की अजून माझं डोकं सणकतं. मावशी सतरंज्यांमधून चालत पुढे गेल्या आणि ओरडल्या, "कोणाले नमस्कार करून राह्यले रे? त्याले तर तुम्ही मांगं उभं केलं!"

लोक हसले. सरांनी मात्र लगेच माइक घेतला, मावशींना जवळ ओढलं, खांद्यावर शाल टाकली आणि जाहीर केलं, "पुढच्या वर्षी या दिवशी हा फ्लेक्स इथे नसेल. माझा शब्द आहे." टाळ्या झाल्या. फोटो निघाला. घरी येऊन मावशींनी शाल खाटेवर फेकली. "शाल कायले? मले का थंडी वाजून राह्यली होती?" पण सरांच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. "चार लोकांत बोलला तो. माणूस आहे, फिरन कसा?" मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्यांनी आतल्या भिंतीला नवा चुनासुद्धा मारला, ऊन उठून दिसावं म्हणून.

पदवी झाली आणि मी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला आलो. निघताना त्या म्हणाल्या, "मोठ्या दिवसाले ये. आदल्या दिवशीच ये, सकाळच्या एसटीचा काही भरवसा नाही." मी हो म्हटलं. नेमका त्याच दिवशी माझा पेपर आला. सकाळी परीक्षेला जाण्यापूर्वी मी अंकुशला फोन लावला आणि विचारलं, पट्टी खाटेपर्यंत आली का?

तो म्हणाला, "तुले कोणीच सांगतलं नाही काय रे? मावशी वैशाखातच गेल्या. तापाचं निमित्त झालं. मी गावाकडं होतो, मलेबी आल्यावरच समजलं. त्यायच्या भाच्यानं घराले कुलूप लावलं."

मी विचारलं, "अन् फ्लेक्स?"

"उतरवला," अंकुश म्हणाला. "शब्द पाळला सरांनी. आता त्याच सांगाड्यावर दुसरा आहे, पहिल्यापेक्षा मोठा. श्रद्धांजलीचा. मावशीचा फोटो आहे त्याच्यावर, तो शालवाला."