शहाबाजचा फोन

शहाबाजबद्दल मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा कुणी करू नये. तो माझा मित्र आहे आणि त्याचं उत्तम चाललंय. एवढं कारण पुरेसं आहे.

बुधवार पेठेत माझं दुकान आहे. पुढे सहा फुटांचा काउंटर आणि मागे एक टेबल. त्या टेबलावर मी आणि शहाबाज चौदा वर्षं शेजारी बसून टोकनचे डबे बनवायचो. दवाखान्यात भिंतीवर लाल आकड्यांचा डबा असतो ना, बटण दाबलं की टिंग वाजतं आणि पुढचा नंबर दिसतो, तोच.

शहाबाजचे वडील अल्लाबक्षचाचा घड्याळं दुरुस्त करायचे. बापाचा हात पोरात उतरला नाही. याचं सोल्डरिंग असं, की फुंकर मारली तरी जोड हलावा. त्याचे डबे सहा महिन्यांत बिघडायचे आणि दुरुस्तीला हा आनंदाने जायचा. चहा पिऊन, डॉक्टरांच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते ऐकून परत यायचा. माझा डबा एकदा टांगला की टांगला. त्याचा मला केवढा माज होता!

एक दिवस तो म्हणाला, "केदार, लोकांना डबा नकोय रे. आपला नंबर कधी लागणार, तेवढं हवंय. ते आपण मोबाइलवर सांगू. पेशंट खाली जाऊन चहा पिऊन येईल. दवाखाना महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे देईल."

"आणि विकायचं काय?"

"काहीच नाही."

काहीही न विकणारे दुकानदार पेठेत पुष्कळ आहेत, पण त्याचे ते पैसे मागत नाहीत, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि आठवड्याभरात टेबल सोडून गेला. त्याची मुलगी अफशीन तेव्हा कॉम्प्युटर शिकत होती. बापलेकीने मिळून प्रोग्रॅम बसवला. आज खराडीत काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर त्याचं ऑफिस आहे. ना सुटे भाग आणायचे, ना माल साठवायचा, ना डबे खांद्यावर घेऊन जिने चढायचे. डॉक्टरांना काही बदल हवा असेल तर तो खुर्चीतून न उठता करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्यांत तो झालेला असतो. मला त्यासाठी नवा डबा बनवावा लागेल. आणि जुना चालत असताना नवा घेणार कोण? शिवाय बाहेरून तयार डबे येतात, ते माझ्या नुसत्या पत्र्याच्या भावात. हे सगळं मला समजतं. समजलं म्हणून जळफळाट कमी होत नाही.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेलो. त्या दवाखान्यात माझा डबा एकोणीस वर्षं आहे. पूर्वी समोरच्या भिंतीवर होता, आता पाण्याच्या फिल्टरशेजारी, बंद. मी बसलो आणि नेमकं इंटरनेट गेलं. काउंटरवरच्या सोनालीने वर न बघताच माझ्या डब्याचं बटण दाबलं. टिंग! एका क्षणात आकडे हजर. कुणी त्याची दखलसुद्धा घेतली नाही. सोनालीने फोन लावला. "अहो शहाबाजभाई, परत गेलं बघा. आणि आईंचा गुडघा कसा आहे आता?"

बिघडलं त्याचं आणि गोडवाही त्यालाच! त्याच्या गाडीचा, ऑफिसचा हेवा मी गिळला होता. त्या दिवशी मला त्याच्या तक्रारींचा हेवा वाटला. माझ्या डब्याची तक्रार नाही, म्हणून माझी कुणाला आठवण नाही.

थोड्या वेळाने इंटरनेट आलं, डबा पुन्हा बंद झाला. सोनाली जेवायला आत गेली. पेशंट खाली चहाला गेले होते, शहाबाजच्या कृपेने. माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धुरकट दिसत होतं. पण त्या डब्यातली तार मला डोळे मिटूनही सापडली असती. खिशात स्क्रू ड्रायव्हर असतोच. झाकण सैल केलं, तार ओढली. जोड सुटेना. शेवटी शेजारून पिळून पिळून ती तोडली. झाकण पुन्हा लावलं. डब्याखाली चिकटवलेला माझा फोन नंबर बोटाने पुसून स्वच्छ केला आणि तपासणी झाल्यावर घरी आलो.

चार दिवस फोन क्षणभरही दूर ठेवला नाही. अंघोळीलासुद्धा सोबत नेला.

पाचव्या दिवशी शहाबाज स्वतः आला. काखेत डबा.

"नेट गेलं आणि हा चालू होईना, म्हणून सोनालीने बोलावलं."

"तुला? खाली नंबर माझा आहे."

"तिला वाटतं भिंतीवरचं सगळं माझंच," तो म्हणाला. मग त्याने टेबलापाशी, त्याच्या जुन्या जागी बसून डबा उघडला आणि दिवा जवळ ओढला. "केदार, तुझा जोड मी चौदा वर्षं बघितलाय. तो सुटत नाही. बघ, अजून तसाच आहे. तार शेजारी तुटलीय. पिळून."

मी तुटलेल्या तारेचं टोक उगाच सरळ करू लागलो.

"उंदराने खाल्ली म्हणून सांगितलंय डॉक्टरबाईंना," तो म्हणाला. "तूच नीट करून लाव. माझ्या हातचा जोड टिकायचा नाही."

ओरडला असता तर बरं झालं असतं. निदान हसायचं तरी. तेही केलं नाही त्या माणसाने, आणि त्याच्या या मोठेपणाचाही मला रागच आला.

तार जोडायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. सोनालीने मान वर केली.

"शहाबाजभाईंनी पाठवलं का तुम्हाला?"

एकोणीस वर्षांपूर्वी हा डबा मीच बनवला, मीच इथे टांगला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तो बिघडला कसा, असंही तिने विचारलं असतं.

"हो, त्यांनीच," मी म्हणालो आणि चढायला स्टूल मागितलं.