वहिनीच्या रडण्याचं भाषांतर

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी फुगलोच. बाभुळगावकडे जन्मभर मास्तरकी करून तांड्यावर परतलेल्या एकट्या म्हाताऱ्याला विचारतं कोण? आणि इथे तर खुद्द साहेबांचं माझ्याकडे काम होतं. इस्त्रीचा सदरा घातला, ऑटोत बसलो.

हवालदारानं कॉम्प्युटरसमोर बसवलं. “मास्तर, हे तुमच्या बोलीत हाये. आमाले काही समजून नाही राह्यलं. गाणं हाये का खुणेची भाषा हाये, सांगा बरं.” त्यानं आवाज लावला, आणि माझ्या शेजारची वहिनी रडायला लागली.

नात्यानं वहिनी नाही, पण भिंतीला भिंत. नवरा वारला, सून माहेरी निघून गेली. एकुलता एक लेक मारामारीत नाव आल्यापासून फरार. तो कुठून तरी फोन करायचा आणि पोलीस ते ऐकत होते. आमच्या गोर, म्हणजे बंजारा, बाया बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस भेटलं की गळ्यात पडून चालीवर रडतात. सगळी खबर त्या रडण्यातच देतात: कोण गेलं, कोणाची गाय व्याली, कोण टोचून बोललं. लेक जवळ नव्हता, म्हणून वहिनी फोनवरच तशी रडत होती.

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. निदान फोन ऐकायच्या परवानगीचा कागद दाखवा, एवढं तरी म्हणायचं. माणसाचे हक्क मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले, वळणदार अक्षरात. पण साहेबांनी चहा मागवला आणि मी पाघळलो. आमची रीत समजावून सांगितली, टेबलावर बोटानं ठेका धरून दाखवला, आणि एकेक ओळ मराठीत करून दिली. शिकवायची खोड, दुसरं काय.

मग ती लेकाला म्हणाली, पहाटे शेजारचा मास्तर खोकलतो, तेव्हा वाटतं, आपल्याला कोणीतरी आहे. तेही मी सांगून टाकलं. बायको गेल्यापासून माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं, आणि ते मी असं चोरून ऐकलं.

हवालदार हसला. “काहून मास्तर, भानगड हाये काय?” मीपण हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

गुन्ह्याचं त्यात काही निघालं नाही. पण आठवड्यानं तोच हवालदार चौकशीला तिच्या दारात आला आणि चार बायांसमोर म्हणाला, “मास्तरच्या खोकल्याचा आधार हाये म्हणते तुले.” हे तिनं लेकाशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. मला नटूनथटून ठाण्याकडे जाताना मात्र तिनं पाहिलं होतं.

तेव्हापासून मी अंगणात आलो की बाया बोलायच्या थांबतात. दिवसदिवस माझ्याशी कोणी बोलत नाही. फार एकटं वाटतं, आणि करणी माझीच, तर चिडू कोणावर?

काल राहवलं नाही. तिच्या ओट्यापाशी गेलो, आपल्या बोलीत म्हटलं, चुकलो, माफ कर. लेकाचा फोन येतो का, तेही विचारलं. तिनं खुर्ची पुढे केली, सरकारी माणसाला करतात तशी, आणि उत्तर मराठीत दिलं.

“येते. मजेत आहो म्हणते तो आन् ठेवून देते. आता रडत नाही मी त्याच्यापाशी. घ्या लिहून, मास्तर.”